मोजणी पूर्ण

गोंडपिपरी
२ जून २०२५

नाजिया,

तू माझा नंबर बंद केलास, म्हणून कागद. बारावीनंतर मी मराठीत पत्र लिहिलेलं नाही, तेव्हाही पाच मार्कांसाठीच लिहिलं होतं. पत्ता तुझ्या मामूंच्या शिलाई दुकानाचा टाकतोय, गडचांदूरच्या बसस्टँडमागचा. पोचेल असं धरून चालतो.

आधी कामाचं. एम.एस्सी.चा प्रकल्प आपल्या दोघांच्या नावावर आहे आणि वीस तारखेच्या आत जमा करायचा आहे. सर म्हणतात, खदानीतले आकडे पूर्ण काढून टाका, फक्त कॉलेजच्या गच्चीवरचे ठेवा. म्हणजे अवकाशातून येणारे कण जमिनीवर किती पडतात एवढंच. ते कोळशाच्या थरातून खाली किती पोचतात, हा जो आपला खरा प्रश्न होता, तो गेला. तुझी एक सही लागेल. कागद सोबत आहे, खूण केली आहे तिथे कर.

आता दुसरं. चौकशीच्या खोलीबाहेर तू मला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणालीस. मी गप्प बसलो, कारण तुझ्या अम्मी, चाची, शेजारी होत्या. पण माझी बाजू कोणी विचारलीच नाही. कोळशाच्या खदानीत मान्यता नसलेली बॅटरी नेणं हा गुन्हा आहे, हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. खाली जाणाऱ्यांना बत्त्या देणाऱ्या बत्तीघरवाल्याची तू मुलगी आहेस. खदानीच्या मॅनेजरसाहेबांनी परवानगी तोंडी दिली होती, आता ते म्हणतात दिलीच नव्हती. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू हो म्हणालास तर विभागाला टाळं लागेल आणि तुझं पुण्याचं पीएच.डी.चं संपलं." म्हणून तो कण मोजायचा डबा समोर ठेवल्यावर मी म्हणालो की आमचा डबा मार्चमध्येच वर आला, हा आमचा नाही. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर तेही हेच म्हणालं असतं.

अहवालात तुझ्या अब्बूंबद्दल जे लिहिलं ते मी लिहिलेलं नाही. 'सुटीच्या दिवशी, नोंद न करता, केबल चोरण्याच्या उद्देशाने खाली गेल्याचे दिसते.' जवळ पक्कड आणि वायर सापडली, शेजारी अनोळखी डबा, आणि तिथून तांब्याची केबल तीन महिने चोरीला जात होती. अधिकाऱ्यांनी दोन अधिक दोन चार केले. अंतिम सुनावणी अजून व्हायची आहे, तेव्हा काहीतरी होईलच.

चाचा जागच्या जागी गेले, त्रास झाला नाही, असं सगळे सांगतात. तेवढं समाधान मानायचं. चाचींना सलाम सांग.

आदेश


पुणे
१७ ऑगस्ट २०२५

नाजिया,

माझंच पत्र परत आलं. सही नाही, आणि मागच्या बाजूला तुझ्या अक्षरात चार शब्द: 'खालचा डबा कोणाचा होता?' ते पाकीट दोन महिने माझ्या पुस्तकात आहे. प्रकल्प सरांनी माझ्या एकट्याच्या नावावर करून घेतला, हे तुला कळलं असेलच.

डबा आपला होता. कण गेला की चमकणाऱ्या सिंटिलेटरच्या दोन पाट्या, काळ्या टेपनं तू गुंडाळलेल्या, एका कोपऱ्यावर टेप संपली म्हणून तू लावलेली मेहंदीच्या कोनाची पट्टी. अधिकाऱ्यांनी नेमका तोच कोपरा माझ्याकडे करून विचारलं. मी नाही म्हणालो.

इथे पहिल्या सत्रात विश्वरचनाशास्त्र आहे. मॅडम चांगलं शिकवतात, आपल्यासारखं वहीतून वाचून नाही. त्या म्हणाल्या, विश्वातलं पाच टक्केच आपल्याला कळतं, उरलेलं काय आहे ते माहीत नाही. वर्ग गंभीर झाला. मला हसू आलं, कारण मी तुला सांगितलेल्या गोष्टींचं प्रमाण साधारण तसंच आहे.

मग त्या सांगू लागल्या की न दिसणाऱ्या द्रव्याचा शोध घ्यायचा तर यंत्र जमिनीखाली न्यावं लागतं, कारण वर अवकाशातून येणाऱ्या कणांचा, म्युऑनचा, फार गोंगाट असतो. तेव्हा मला एकदम तुमचं क्वार्टर आठवलं. मी चाचांना सांगत होतो की दर सेकंदाला एकदोन म्युऑन तळहातातून आरपार जातात. त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला.

"मंग दुखत काऊन नाई?"

"चाचा, ते फार बारीक असतात."

"आन् गच्चीवर मिनटाले दोनशे वीस, आन् खदानीत दोनच? बाकीचे दोनशे अठरा वरच अडकले?" मग चाचींकडे वळून म्हणाले, "पाहा, याहीची बत्ती जमा नाई झाली."

तू हसून हसून चहा सांडलास. चाची म्हणाल्या, "लेकरं शिकून राह्यले, आन् तुमी मजाक करता." त्या दिवसापासून ते पाळीवर सगळ्यांना सांगत सुटले की माझी पोरगी आसमानातले कण खदानीत मोजते. डबा खाली न्यायचं आधी तेच स्वतःहून म्हणाले होते, आपण नाही. पण त्यांचा नियम पक्का होता. ड्युटी संपल्यावर, स्वतःच्या नंबरची बत्ती वहीत लिहून, मगच खाली. जितक्या बत्त्या गेल्या तितक्या खुंट्यांवर परत आल्याशिवाय बत्तीघरवाल्यानं घरी जायचं नाही, हे त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल.

मग त्या रविवारी ते न लिहिता का गेले, हे तू मला कधी विचारलं नाहीस. तुला वाटतं ते आपल्या मनानं गेले, बॅटरी उतरली असेल म्हणून. तसं नाही. मी सांगितलं म्हणून गेले.

ईदनंतर तू म्हणालीस की मार्चचे तीन आठवडे पुरे, आता डबा वर काढू. मी हो म्हणालो. पण मार्चचे तीन आठवडे माझ्याकडे नव्हते. गच्चीच्या आणि खदानीच्या डब्यातलं मेमरी कार्ड दिसायला सारखं, त्यावर नाव लिहायचा आळस माझा. खदानीचं कार्ड गच्चीचं समजून मी पुसून टाकलं, आणि तुला सांगितलं की कॉपी केलं. पुण्याच्या मुलाखतीत मी तेच आकडे दाखवणार होतो. तुझ्यासमोर मूर्ख ठरायची माझी तयारी नव्हती, बाकी काही नाही. तू मला गणितात नेहमी मागे टाकायचीस, आणि ते मला सलायचं.

तेरा एप्रिल रविवार, चौदा एप्रिलची सुटी. दोन दिवस उत्पादन बंद, ना मशीन ना बारुद, फक्त पंपाची चार माणसं आणि तीही दुसऱ्या बाजूला. इतकी शांतता पुन्हा मिळाली नसती. रविवारी सकाळी साडेनऊला मी चाचांना फोन केला.

"बेटा, मी ड्युटीवर आहो. दोनपावतर बत्तीघर सोडता येत नाई."

"चाचा, बॅटरी बदलायची आणि नवं कार्ड टाकायचं. अर्ध्या तासात वर याल."

"ड्युटीवरच्यानं खाली जायचंच नाई. वहीत कसा लिहू मी?"

"मग नका लिहू. आजचा एकच दिवस."

ते म्हणाले, "नाजियानं सांगतलं का?"

मी म्हणालो, हो.

आदेश


पुणे
२१ सप्टेंबर २०२५

नाजिया,

या वेळी पत्र परत आलं नाही. तू ते ठेवलंस की चुलीत घातलंस ते मला माहीत नाही. मला सुनावणीची नोटीस आली आहे, आठ ऑक्टोबर, साक्षीदार म्हणून. तुम्हालाही आलीच असेल.

पोळ्याला गावी गेलो होतो. बाबा बांधीत धानाला पाणी धरत होते. ते कोणाला फार विचारत नाहीत, तुला माहीत आहे, गुणवंतराव म्हणजे अख्ख्या गावात अबोल माणूस. मी त्यांना सगळं सांगितलं. ते फावडं टाकून बांधावर बसले.

"त्या मानसाच्या घरी तू दोन वर्सं जेवला ना?"

"हो."

"आन् त्याले चोर म्हनू देल्लं."

मग फावडं उचलून ते पुन्हा पाण्याला लागले. मी परत निघालो तेव्हा आईनं जेवणाचा डबा दिला, बाबा घरातून बाहेर आले नाहीत. त्याचा राग मला आला होता, बसमध्ये बसेपर्यंत. मग राग टिकला नाही.

तेव्हा आता उरलेलं. हे वाचायच्या आधी चाचींना दुसऱ्या खोलीत बसव.

चाचांनी दुरुस्तीला आलेल्यांतली एक बत्ती घेतली. ती मोजणीत धरत नाहीत. त्यांची स्वतःची बत्ती खुंटीवरच राहिली. दोन वाजता पंपाची माणसं वर आली, त्यांनी आपल्या बत्त्या टांगल्या. चाचांची खुर्ची रिकामी दिसली, वाटलं जेवायला गेले. दुसऱ्या पाळीचे बत्तीघरवाले वारलूभाऊ आले, त्यांनी खुंट्या मोजल्या, वहीत लिहिलं 'मोजणी पूर्ण' आणि सही केली. त्यांची काही चूक नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना मोजणाऱ्या माणसानं त्या दिवशी स्वतःला मोजलं नव्हतं, आणि ते माझ्या सांगण्यावरून.

संध्याकाळी तुझा फोन आला. तू धावत होतीस, तुझा श्वास ऐकू येत होता. "आदेश, अब्बू घरी नाई आले. मशिदीत नाई, दवाखान्यात नाई. वारलूभाऊ म्हनते बत्त्या पूर्ण आहे, खाली कोनी नाई. तुले काही बोलले होते का?"

मी म्हणालो, नाही, मला काही माहीत नाही.

मी स्वतःला समजावलं की मोजणी पूर्ण आहे म्हणजे ते वर आलेच असणार, दुसरीकडे कुठे गेले असतील. आकडा बरोबर आहे ना, मग झालं. पण ते न लिहिता गेले होते हे जगात एकट्या मला माहीत होतं, तेव्हा त्या आकड्याला काही अर्थ नाही हेही मलाच कळायला हवं होतं. नाजिया, मला ते कळत होतं. खरं सांगितलं तर पुसलेलं कार्ड बाहेर येईल, मी तुझं नाव घेऊन त्यांना खाली पाठवलं हे बाहेर येईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सोमवारी तुम्ही वर्धा नदीच्या काठानं शोधत होता. मी तुमच्याबरोबर शोधत होतो. मंगळवारी पहिल्या पाळीला ते सापडले, छताचा तुकडा पायावर पडलेला.

आता कार्ड. ओळखीसाठी डबा माझ्या हातात दिला तेव्हा मी तो उलटा केला आणि कार्ड काढून बाहीत सरकवलं. फाईलच्या पहिल्या ओळीत आपल्या दोघांची नावं आहेत, म्हणून. मे महिन्यात ते लॅपटॉपला लावलं.

डब्याला खुणेचं बटण तूच लावलं होतंस. डब्याजवळ कोणी आलं की एकदा दाबायचं, निघताना एकदा, म्हणजे त्या वेळचे आकडे बाजूला काढता येतील. चाचांना तूच शिकवलंस. नवं कार्ड टाकल्यावर त्या रविवारची पहिली खूण बारा पस्तीसची आहे. मग बॅटरी बदलल्याची पंधरा मिनिटांची रिकामी जागा. मग बारा पन्नासला डबा पुन्हा सुरू. म्हणजे ते डब्यासाठीच गेले होते, आणि काम पूर्ण केलं, हे त्या कार्डावर स्वच्छ लिहिलेलं आहे. ते दाखवलं की चोरीचं कलम उभं राहू शकत नाही.

आणि निघतानाची खूण एकच हवी होती. तशा अनेक आहेत. एक वाजता, दोन वाजता, तीन, चार, पाच. हाजरीसारख्या, ठोक्याला.

पुढचं मला इथे लिहवत नाही.

सगळे तुला सांगत होते की ते जागच्या जागी गेले, आणि ते ऐकून तू एकदा तरी झोपली असशील. मी कार्ड दडवलं ते त्यासाठी, असं मी चार महिने स्वतःला सांगत आलो. थोडं खरंही आहे. पण जास्त खरं हे की त्यातल्या वेळा तुझ्या फोनच्या वेळेपाशी येऊन थांबतील अशी मी आशा करत होतो, आणि त्या थांबल्या नाहीत.

आठ तारखेला मी कार्ड देणार आहे. तुझी हरकत असेल तर कळव. तुझ्याकडून काही आलं नाही तर देईन.

आदेश


चंद्रपूर
९ ऑक्टोबर २०२५

नाजिया,

तुझ्याकडून काही आलं नाही. काल सुनावणीला तू नव्हतीस, चाची आल्या होत्या मामूंबरोबर. त्यांनीच मला हे पत्र लिहायला सांगितलं. म्हणाल्या, "नाजियाले तूच लिहून सांग. माह्या तोंडून नाई निघनार."

मी कार्ड दिलं. साडेनऊचा फोन, तुझं खोटं घेतलेलं नाव, संध्याकाळचं 'माहीत नाही', बाहीत सरकवलेलं कार्ड, सगळं लिहून दिलं आणि सही केली. सर मागच्या बाकावर होते, उठून गेले. डबा पुन्हा टेबलावर आणला. अधिकाऱ्यांनी विचारलं, हा कोणाचा? मी म्हणालो, नाजियाचा आणि माझा. त्यांनी फाईल उघडून पाहिली, तारखा जुळवल्या, तासभर आपसात बोलले. चोरीचा शेरा काढला. त्याऐवजी चाचांच्या नावापुढे लिहिलं की कय्यूम यांनी नियम मोडून, मान्यता नसलेलं उपकरण खाली नेलं आणि स्वतःची नोंद केली नाही. म्हणजे चोर नाहीत, पण दोषी तेच. मी ओरडून म्हणालो की दोषी मी आहे. अधिकारी म्हणाले, "तुमच्यावर वेगळी कारवाई होईल. तुम्ही खदानीचे कामगार नाही, या कागदात तुम्ही येत नाही."

पुण्याला मी स्वतःच कळवलं आहे. ते काय करायचं ते करतील. त्यासाठी तू मला चांगलं म्हणू नकोस. म्हणणार नाहीसच.

बाहेर व्हरांड्यात वारलूभाऊ उभे होते. ते चाचींच्या पाया पडायला गेले, चाचींनी धरून उभं केलं. "तू काऊन रडतं, तुवा तं बरोबर मोजलं," म्हणाल्या. मग मामूंना चहा आणायला पाठवलं आणि मला बाकावर शेजारी बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो.

"बस म्हनते ना."

मी बसलो. त्यांच्या हातात माझं सप्टेंबरचं पत्र होतं. तू ते त्यांना वाचून दाखवलं होतंस, तेही शेवटपर्यंत.

"याच्यात तू अर्धंच लिवलं. पाच वाजल्याच्या पुढचं वाच."

"चाची, नको."

"माह्या मानसाचं आहे ते. वाच."

छापलेला कागद माझ्या खिशात होता. मी वाचलं. सहा, सात. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. एक, दोन, तीन, चार, पाच. इथपर्यंत तासाच्या ठोक्याला. त्यांचं घड्याळ हातात होतं आणि बत्ती पहाटेपर्यंत पुरली असावी. मग सहा वीस. सात पंचेचाळीस. आठ बावन्न.

चाची बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. व्हरांड्यात माणसं येत-जात होती, कोणीतरी सारखं दार आपटत होतं. मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ते बटन दाबलं का वर कोनाले समजते का?"

"नाही. कार्डातच राहतं."

"त्याले मालूम होतं?"

"होतं. नाजियानं सांगितलं होतं."

"आठ बावन म्हंजे सोमवारचे?"

"सोमवारचे. सकाळचे."

"तवा आमी नदीवर होतो." मग त्या माझ्याकडे वळल्या. माझ्याकडे त्यांनी एप्रिलनंतर पहिल्यांदा नीट पाहिलं. आवाज चढवला नाही, तसा चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "माह्या पोरीनं तुले फोन केला, तवा किती वाजले होते?"

"सात वाजून दहा मिनिटं."

"मंग त्याच्या बादचे सांग. किती डाव दाबलं त्यानं?"

मला आकडा पाठ होता, मेपासून पाठ आहे. तरी मी कागद उघडला आणि त्यांच्यासमोर बोट ठेवून एकेक ओळ मोजली, कारण त्यांना मोजलेलं हवं होतं.

"तेरा," मी म्हणालो.

आदेश